उरलेली तीन घरं

१

दुपारचं जेवण झालं, भांडी धुऊन उपडी घातली, की मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसायचे आणि मोबाईलवर बुद्धिबळाचं एक कोडं मांडायचे. रोज एक. डोळ्यांनी साथ दिली तर दोन.

मला बुद्धिबळ येत नव्हतं. तीस वर्षं मी विसरवाडीत अंगणवाडी सेविका होते. मुलांची वजनं घ्यायची, उंची मोजायची आणि शेवटची काही वर्षं ते सगळं मोबाईलमध्ये भरायचं. त्यामुळे ऑनलाइन पानाची मला भीती नाही. खेळ होता गुरुजींचा. गुरुजी म्हणजे माझे यजमान, शमुवेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मलाही तीच सवय लागली. गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी ते मागच्या खोलीत, पटासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचा हात पटाच्या कडेवर होता आणि अजून गरम होता.

त्यांच्या ट्रंकेत एक जाड वही सापडली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेला पट, त्यात पेन्सिलीने काढलेले मोहरे आणि वर एकच ओळ: पांढऱ्याने खेळून दोन खेळींत मात. अशी एकसष्ट पानं.

भाग्येश भेटायला आला तेव्हा मी त्याला ती दाखवली. गुरुजी तरुणपणी शहादा तालुक्यात कळसाडीला नोकरीला होते, तेव्हाचा हा त्यांचा विद्यार्थी. आता शहाद्याला मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्याने वही बराच वेळ चाळली.

"बाई, ही ट्रंकेत ठेवायची वस्तू नाही," तो म्हणाला. "आपण कोडी ऑनलाइन टाकू. पोरं सोडवतील, गुरुजींचं नाव राहील."

त्यानेच मला शिकवलं. पान उघडलं की रिकामा पट येतो. बाजूला पांढरे-काळे मोहरे असतात. बोटाने धरून हव्या त्या घरात सोडायचे. कोणाची खेळी ते निवडायचं, कोड्याला क्रमांक द्यायचा आणि खालचं 'तपासा' दाबायचं. मशीन स्वतः कोडं सोडवून बघतं. जुळलं तर हिरवी खूण येते आणि 'प्रसिद्ध करा' दाबता येतं. नाही जुळलं तर ते 'मसुदा' म्हणून पडून राहतं.

मला ते काम आवडलं. वहीत बघून एकेक मोहरा नेऊन ठेवताना वाटायचं, गुरुजींचा हात धरून मी चालतेय.

२

पहिलंच कोडं मशीनने नाकारलं. लाल अक्षरात आलं: उत्तर नाही.

मी पुन्हा मांडलं. वजनाचा काटा चुकला की आम्ही मूल उतरवून काटा शून्यावर आणतो आणि परत चढवतो, तसं सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. उत्तर नाही. दुसरं कोडं, तिसरं कोडं, सगळ्यांचं तेच. आठवडाभरात नऊ मसुदे साठले.

गुरुजी उतारवयात चुकायला लागले होते का, असा विचार मनात आला आणि मला वाईट वाटलं. मी भाग्येशला फोन केला. रविवारी उपासना आटोपून मी घरी आले, तेव्हा तो ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसला होता.

"कोडी चुकलेली नाहीत, बाई," तो म्हणाला, बोलता बोलता अहिराणीवर येत. "सगळ्यांत एकच गोष्ट कमी शे. हे बघा, पांढऱ्याचा घोडा. आठे, या घरात, घोडा ठेवना पडी."

पहिल्या कोड्यात त्याने खालच्या ओळीतल्या डावीकडून दुसऱ्या घरात घोडा ठेवला आणि तपासा दाबलं. हिरवी खूण आली. दुसऱ्या कोड्यात घोडा वेगळ्या घरात लागला, तिसऱ्यात आणखी वेगळ्या. ठेवला की कोडं सुटायचं. काढला की उत्तर नाही.

"गुरुजी वहीत घोडा काढायला विसरले म्हणावं, तर एकसष्ट वेळा?" भाग्येश म्हणाला. "त्यांच्या पटाचे मोहरे बघू."

मी मागच्या खोलीतून लाकडी डबा आणला. त्याने मोजले. एकतीस भरले.

तो डबा मी एकोणीस वर्षं रोज पुसत आले होते. बत्तिसावा मोहरा कुठे आहे हे मला माहीत होतं.

३

आमची रूथ आठ वर्षांची असताना गेली. तिला सिकलसेल होता, रक्ताचा आजार. थंडी पडली की तिचे हातपाय दुखायचे, दोन-दोन दिवस ती पलंगावरून उतरायची नाही. गुरुजींनी तिला पट शिकवला तो त्यामुळेच. तिला सगळ्यात आवडायचा घोडा. अडीच घरं उडी मारतो आणि मधल्या कोणालाही विचारत नाही, असं ती म्हणायची.

गुरुजींनी तिला एक काम दिलं होतं. पटावर एकटा घोडा ठेवायचा आणि तो चौसष्टही घरांत न्यायचा, प्रत्येक घरात एकदाच. ज्या घरात जाऊन आला तिथे ती मक्याचा दाणा ठेवायची. पन्नाशीच्या पुढे कुठेतरी घोडा अडकायचा, मग दाणे गोळा करून पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी अंगणवाडीत वजनांचा दिवस होता. सकाळी ती म्हणाली, आई, पाय दुखतो. पाय तिचा नेहमीच दुखायचा. मी म्हणाले, पटाशी बस, मी आलेच. गुरुजी नंदुरबारला प्रशिक्षणाला गेले होते. मला यायला चार वाजले. ती स्टुलावर बसूनच होती, डोकं पटावर टेकलेलं, अंग तापलेलं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ती गेली. घोडा तिच्या मुठीत होता आणि मूठ कोणी उघडली नाही. तशीच तिला पुरली.

गुरुजी त्यानंतर तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला दोषही दिला नाही. कधी मी नाव काढलं तर उठून मागच्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. मला वाटायचं, या माणसाने मुलीला मनातून पुसून टाकलं. मी त्यांचा राग केला, बरीच वर्षं केला. हे मी भाग्येशला सांगितलं नाही. घोडा तिच्याबरोबर आहे, एवढंच सांगितलं.

त्याने वही पुन्हा पहिल्या पानावर उघडली. मग त्याने माझ्याकडे एक कागद मागितला. माझ्या पिशवीत मुलांच्या वाढीचे जुने कोरे तक्ते होते, त्यातला एक दिला. त्याच्या चौकटींत त्याने चौसष्ट घरं आखली आणि वहीतलं पान उलटेल तसा घोडा कुठे लागतो ते हुडकून त्या घरात आकडा लिहीत गेला. एक, दोन, तीन. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यापासून अडीच घरांवर पडत होता आणि एकही घर दोनदा आलं नाही.

"गुरुजींनी तो घोडा चालवत नेला आहे," भाग्येश म्हणाला. "वर्षाला तीन-चार घरं. एकसष्ट झाली, तीन राहिली."

उरलेली तिन्ही घरं डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात होती. शेवटचं घर अगदी कोपऱ्यातलं.

४

त्यानंतर मी वही नीट वाचली. तोवर मी फक्त मोहरे बघत होते. प्रत्येक पानाखाली, अगदी बारीक अक्षरात, तारीख होती आणि तारखेपुढे काहीतरी लिहिलेलं होतं. 'वीस मिनिटं वाट पाहिली.' 'आज लगेच.' 'आज नाही. उद्या बघू.' 'आज पाऊण तास, मग आला.'

कोण आला, ते कुठेच नव्हतं.

शेवटच्या, एकसष्टाव्या पानावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. म्हणजे मरायच्या आधी जवळजवळ दोन वर्षं त्यांनी एकही कोडं केलं नव्हतं. तरी रोज दुपारी ते त्या खोलीत बसायचेच. दार लोटलेलं असायचं. महामार्गावरच्या ट्रकांच्या आवाजात मला कधी कधी त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "थांब ना. करतो. थांब थोडं." मला वाटायचं, फोनवर कोणाला तरी सांगतायत.

मी उरलेली कोडी मांडत गेले. घोडा कुठे ठेवायचा ते तक्त्यावरून कळत होतं. जून संपेपर्यंत एकसष्टही प्रसिद्ध झाली. तळोदा, अक्कलकुवा, कुठकुठची मुलं ती सोडवत होती, खाली आकडा वाढताना दिसायचा.

एकसष्टावं झालं त्या दिवशी सवयीने 'नवीन कोडं' दाबलं गेलं. रिकामा पट आला. वरती बासष्ट हा क्रमांक आपोआप पडला. मांडायला काहीच नव्हतं. मी मोबाईल बंद करून कपाटात ठेवला आणि पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर बासष्टाच्या पटावर एक पांढरा घोडा होता. खालच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या घरात.

बोट लागलं असेल. मी तो धरून पटाबाहेर टाकला.

तिसऱ्या दिवशी घोडा पुन्हा तिथेच होता. मसुद्याखाली शेवटचा बदल कधी झाला ते लिहून येतं. बारा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी मी विहिरीवर धुणं धूत होते आणि मोबाईल कपाटात होता, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

मी स्वतःवर संशय घेतला. तक्ता मी रोज बघत होते. बासष्टावं घर कोणतं हे मला पाठ होतं. रक्तदाबाची गोळी घेतल्यावर मला दुपारी गुंगी येते. गुंगीत मीच उठून कपाट उघडलं असेल, घोडा ठेवला असेल आणि विसरले असेन. माणूस एकटा राहिला की असं करतो. आमच्या चर्चच्या पाळकांच्या आईने नवरा गेल्यावर दोन वर्षं दोन ताटं वाढली होती.

म्हणून चौथ्या दिवशी मी गोळी घेतली नाही. मोबाईल समोर, मांडीपासून हातभर लांब ठेवला. पान उघडंच ठेवलं. घोडा मी सकाळीच काढून टाकला होता. आणि मी बघत बसले.

बारा चाळीसला मागच्या खोलीतून आवाज आला. टक. लाकडावर लाकूड ठेवल्याचा, हलका, जपून ठेवल्यासारखा. मी दाराकडे बघितलं, फक्त तेवढंच. परत मोबाईलकडे वळले तर घोडा त्या घरात आला होता.

पत्रा तापला की आमच्या घरात असले आवाज येतात. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. मग उठले.

मागच्या खोलीत सगळं होतं तसंच होतं. टेबल, गुरुजींची खुर्ची, समोर स्टूल. पटावर मीच कापड टाकून ठेवलं होतं, मोहरे डब्यात, डबा फळीवर. मी कापड उचललं. खालच्या ओळीतल्या तिसऱ्या घरात ओल्या तांबूस मातीचं एक वर्तुळ उमटलं होतं. मोहऱ्याच्या बुडाएवढं. बोटाने टिपलं तर ती थंड लागली. अशी माती आमच्या अंगणात नाही. ती चर्चच्या मागे, दफनभूमीत आहे.

६

दानियल पाळक भले माणूस आहेत. गुरुजींच्या दफनाच्या वेळी त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "हिरीबाई, रडू नका. बाप आणि लेक आता एकत्र आहेत." सगळे आमेन म्हणाले होते. पाच महिने मी त्या एका वाक्यावर काढले होते.

त्या दुपारी मी मागच्या खोलीत उभी राहून विचार केला तो हाच. ती दोघं एकत्र असतील, तर इथे कोण बसतं? गुरुजी जिथे गेले तिथे ती असेल, तर हा घोडा कोण ठेवतं? तिला कोणी सांगितलंच नसेल का, की आबा आता या खुर्चीत येणार नाहीत? एकोणीस वर्षं ती घोडा ठेवत आली आणि त्याच्या भोवती कोडं मांडलं गेलं की पुढच्या घरात जात आली. दोन वर्षांपासून तिचा डाव थांबला आहे. शेवटची तीन घरं उरली तेव्हा गुरुजींना ते संपवायला धीर झाला नाही. "थांब ना. करतो." मलाही झाला नसता.

आणि ती थांबली. थांब म्हटलं की ती थांबायचीच.

मी भाग्येशला फोन केला आणि या वेळी सगळं सांगितलं.

"बाई, तुमच्याशिवाय हे खातं मीच उघडू शकतो," तो म्हणाला. "पण मी काहीच करेल नही. हातसुद्धा लावला नाही."

"मला माहीत आहे. तू मला बासष्टावं कोडं करून दे. घोडा तिथेच ठेवून."

"आणि मग?"

"मग बघू."

७

भाग्येशने दोन दिवस घेतले. दुपारी बाराला त्याने शहाद्याहून फोन केला. त्याच्या कम्प्युटरवर तेच पान उघडं होतं. मी खुर्ची घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसले, मोबाईल कानाला. आत गेले नाही. पटावरचं कापड काढून ठेवलं होतं.

"मांडतोय," तो म्हणाला. "राजा ठेवला. वजीर ठेवला. प्यादी ठेवली. घोड्याला हात लावत नाही." मग थोड्या वेळाने, "तपासलं. जुळलं. प्रसिद्ध करू?"

"कर."

"केलं. त्रेसष्टाचा पट आला आहे. रिकामा शे."

महामार्गावरून एक ट्रक गेला, गिअर बदलल्याचा आवाज आला आणि लांब गेला. फळीवर डबा होता. पटावर ऊन पडलं होतं, खिडकीच्या गजांच्या सावल्या घरांवर आडव्या पडल्या होत्या. स्टूल टेबलाला लावून ठेवलेलं होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि बघता बघता मला जाणवलं, ते टेबलापासून वीतभर बाहेर आहे. ते सरकताना मला दिसलं नाही. आधी आत होतं आणि आता बाहेर होतं.

टक.

"बाई," भाग्येशचा आवाज बदलला होता. "घोडा हालना."

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत. डावीकडून दुसरं घर. तुम्ही मोबाईलला हात लावला?"

"मोबाईल माझ्या कानाला आहे, भाग्येश."

त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. पटावर तिसऱ्या ओळीतल्या त्या घरात ओल्या मातीचं गोल उमटलं होतं. आधीच्या घरातलं वाळून फिकट झालं होतं.

त्रेसष्टावं कोडं त्याने तिथेच बसून केलं. घाईत केलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जुळलं. प्रसिद्ध केल्यावर आम्ही तासभर वाट पाहिली. काही झालं नाही. संध्याकाळी मोबाईल उघडला तेव्हा चौसष्टाच्या पटावर घोडा कोपऱ्यातल्या घरात होता.

रात्री भाग्येशचा निरोप आला. 'बाई, शेवटचं माझ्याकडून होणार नाही. मला भीती वाटते असं नाही. पण ते तुमच्या घरातल्याच कोणीतरी मांडावं.'

त्याला भीती वाटत होती, आणि तो खरंही बोलत होता.

८

मी तीन आठवडे काही केलं नाही.

म्हणजे, खेळ शिकत होते. हत्ती सरळ जातो, उंट तिरका, राजा एकेक घर. अंगणवाडीतल्या मुलांना रंग शिकवताना जशा कागदाच्या चकत्या कापायचे तशा कापून मोहरे केले आणि जेवणाच्या टेबलावर सराव केला. पण हेही खरं, की मला उशीर करायचा होता. रोज दुपारी मागच्या खोलीत ती बसलेली असायची. दिसायची नाही. स्टूल मात्र बाहेर असायचं आणि खोलीत मूल असलं की खोलीची हवा कशी असते ते मला तीस वर्षांच्या नोकरीने माहीत आहे. एकोणीस वर्षांनी माझी मुलगी घरात होती. मी उंबऱ्यात बसून भाजी निवडायचे. तिच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते इथे लिहीत नाही.

ती काही बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र आवाज सुरू झाला. टक. मग थोड्या वेळाने पुन्हा टक. घोडा उचलून त्याच घरात परत ठेवल्यासारखा. आधी दुपारीच, मग सकाळीही. एका दुपारी मी आत जाऊन पट बघितला. कोपऱ्यातल्या घरात मातीवर माती बसून चिखल झाला होता, आणि टेबलाच्या कडेवर, स्टुलाच्या बाजूला, कपाळ टेकल्यासारखा एक ओला डाग होता.

मी त्या डागावर हात ठेवला. तो गरम होता. तापलेल्या कपाळाचा असतो तसा.

मी लगेच पुढच्या खोलीत आले आणि कोडं मांडायला बसले.

माझं कोडं साधं होतं, एका खेळीचं. घोडा कोपऱ्यात. काळा राजा त्याच्या वर दोन घरं, अगदी कडेला. पांढरा राजा खालच्या ओळीत. दोन हत्ती, एक लांब उजवीकडे चौथी ओळ अडवून, दुसरा सगळ्यात वर. वरचा हत्ती कडेला आणला की मात. घोड्याने हलायचं नव्हतं. काळ्या राजाला निसटायला जे एक घर उरतं, ते फक्त त्याने धरून ठेवायचं होतं. तिला आणखी एकही उडी मारायला लागू नये, एवढंच मी बघितलं होतं.

तपासा दाबलं. हिरवी खूण आली.

मी बसले होते तिथून मागच्या खोलीचं दार दिसतं. ते अर्धं लोटलेलं होतं. 'प्रसिद्ध करा' वर बोट ठेवून मी मान वर केली, आणि जमिनीपासून दीड वीत वर राहिलेल्या दाराच्या फळीखालून मला स्टुलाचे पाय दिसले आणि त्यांच्यामध्ये दोन लहान पाय. जमिनीला न टेकणारे. टाचांना तांबूस माती. डावा पाय तिने, दुखला की धरायची तसा, आखडून धरला होता. वरचं सगळं फळीच्या आड होतं.

"रूथ," मी म्हणाले. "रूथ, झालं बाळा. चौसष्ट झाली. आबा पुढे गेलेत. तू जा."

बोट दाबलं.

डावा पाय हळूहळू सैल झाला. मग दोन्ही पाय लोंबकळले, एकदा पुढे-मागे हलले आणि खाली उतरले. तळव्यांचा आवाज आला, फरशीवर अनवाणी पावलांचा होतो तसा. तो माझ्याकडे येईल म्हणून मी हात पुढे केले होते. तो माझ्या बाजूला वळला नाही. मागच्या दाराची कडी निघाली.

तिने माझ्याकडे पाहिलंही नसावं. ती माझी वाट बघत नव्हती.

९

मी मागच्या दारात गेले तेव्हा दार सताड उघडं होतं. बाहेर भाताची खाचरं, त्यांच्यामधून चर्चकडे जाणारी पायवाट. पायवाटेवर कोणी नव्हतं. खाचराच्या बांधावर शेजारची धनुबाई गवत कापत होती. तिने विळा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्याकडे पाहुणे आलेत?" तिने विचारलं. "आत्ता एक पोर गेली इथून. कोणाची गं?"

मी विचारलं, "एकटीच होती?"

धनुबाईने पायवाटेकडे पाहिलं. "एकटीच. पाठमोरी दिसली मला." मग ती म्हणाली, "पण एक हात असा वर धरून चालली होती."

तिने आपला उजवा हात उचलून दाखवला. कोपरातून वाकवलेला, खांद्याच्या थोडा वर. लहान मूल मोठ्या माणसाचा हात धरून चालतं तेव्हा असतो तेवढ्या उंचीवर.

गुरुजी उंच होते. मी तिला म्हटलं, "पुन्हा दाखव."

तिने पुन्हा दाखवला. मी बांधावर तिच्याजवळ जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी गवत कापत होतो. मध्ये मध्ये मी तिला तो हात दाखवायला सांगत होते. तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही. दर वेळी विळा खाली ठेवून ती हात उचलायची, आणि मी तिच्या बोटांच्या वर, जिथे काही नव्हतं तिथे, बघत राहायचे.